ट्रान्सक्रिप्टवरचा डब्ल्यू

मागच्या ऑक्टोबरात लातूरहून आईचा फोन आला. आवाज पार उतरलेला. "अगं, पोरीनं ड्रॉप घेतला म्हणे. वर्ष गेलं की गं तिचं." पोरगी म्हणजे माझी भाची, आईची नात. न्यू जर्सीत जन्मली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि डॉक्टर व्हायचं म्हणते. भावानं फोनवर 'तिनं ऑर्गॅनिक ड्रॉप केलं' एवढंच सांगितलं होतं. तेवढ्यावर आईनं रात्र जागून काढली.

आईचं चुकलं असं म्हणता येत नाही. लातूरच्या ट्यूशन एरियात 'ड्रॉप' या शब्दाला एकच अर्थ आहे. बारावीनंतर नीटमध्ये मार्क कमी पडले, की वर्षभर दुसरं काही करायचं नाही, रिपीटर बॅचला नाव घालायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा ७२० मार्कांच्या पेपरला बसायचं. त्यात वर्ष जातं हे खरं. पण एक मोठी सोयही असते. नव्या वर्षाचा नीटचा आकडा आला, की जुना आकडा कचऱ्यात. मागच्या वेळी किती पडले होते, हे प्रवेश देणारा विचारत नाही, त्याला विचारायचं कारणही नाही.

अमेरिकेत सगळं याच्या उलट आहे. ड्रॉपनं वर्ष सहसा जात नाही (कधी कधी जातं, त्याकडे पुढे येते), पण पुसलं मात्र काहीच जात नाही. अठराव्या वर्षी सोडलेला विषय बाविसाव्या वर्षी मेडिकलच्या अर्जावर जागच्या जागी बसलेला असतो. हा सोडलेला विषय नक्की किती नडतो, यावर इथल्या आपल्या घरांतून दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक, 'झालं, आता मेडिकल विसरा'. दुसरं, 'काही नाही हो, डब्ल्यूला कोण विचारतं'. दोन्ही चूक आहेत. पण पहिल्या मतापायी मुलांचं नुकसान जास्त होतं, असं मला वाटतं, कारण त्या भीतीनं मुलं बुडत्या वर्गात शेवटपर्यंत बसून राहतात.

आधी शब्द सोडवून घेऊ. इथलं सेमिस्टर साधारण पंधरा आठवड्यांचं. पहिला आठवडा-दोन आठवडे विषय बदलायची मुभा असते. साडीच्या दुकानात दहा घड्या उलगडून बघाव्यात, तसं मुलं या दिवसांत सात वर्गांत डोकावतात आणि चार ठेवतात. या मुदतीत सोडलेला विषय खरा 'ड्रॉप'. त्याचा मागमूस राहत नाही, फीसुद्धा परत मिळते. मुदत उलटल्यावर सोडला, तर तो 'विथड्रॉ', म्हणजेच तो डब्ल्यू. ही दुसरी खिडकी बहुतेक कॉलेजांत नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत उघडी असते. काही ठिकाणी त्याहून लांब, काही ठिकाणी आधीच बंद. तीही बंद झाली, की मग जी ग्रेड मिळेल ती पदरात घ्यायची. घरी बोलताना मुलं दोन्हीला ड्रॉपच म्हणतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

विथड्रॉ केल्यावर जे उरतं ते अगदी एवढंसं असतं. भाचीनं मला तिचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजची गुणपत्रिका, दाखवलं होतं. डावीकडे विषयाचा क्रमांक, मग 'ऑर्गॅनिक केमिस्ट्री १', आणि वर-खाली जिथे ए, ए मायनस, बी प्लस अशी अक्षरं रांगेत उभी आहेत, तिथे या ओळीत एकटा डब्ल्यू. मिळालेल्या क्रेडिटच्या, म्हणजे विषयाच्या वजनाच्या, रकान्यात शून्य. बेरजेत त्या ओळीचा काही वाटा नाही. कारण लिहिलेलं नाही. आजी आजारी होती, की अभ्यास झाला नाही, की प्राध्यापक जमला नाही, कागद काहीच बोलत नाही.

मुदतीच्या तारखा कागदावर निरुपद्रवी दिसतात. खऱ्या वर्गात त्या फार चमत्कारिक जागी येतात. ऑर्गॅनिकची, म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत 'ऑर्गो'ची, पहिली मिडटर्म पाचव्या आठवड्याच्या आसपास असते. तोवर ड्रॉपची खिडकी कधीच बंद झालेली असते, आणि फी परत मिळायची तीही बहुधा संपलेली किंवा नावापुरती उरलेली. दुसरी मिडटर्म नवव्या-दहाव्या आठवड्यात. म्हणजे दुसऱ्या पेपरचे मार्क हातात पडतात आणि विथड्रॉची मुदत दोन दिवसांवर असते. काही वेळा मार्क यायच्या आतच मुदत संपते. एकोणीस वर्षांच्या मुलीनं रात्री पावणेबारा वाजता लॅपटॉपपुढे बसून 'कन्फर्म' दाबायचं की नाही, हे ठरवायचं. आईबापांना विचारायचं म्हटलं, तर आईबापांना कर्व्ह म्हणजे काय हे माहीत नसतं.

कर्व्हचं दोन ओळींत सांगते, कारण आमच्या घरातला अर्धा गोंधळ त्याचाच होता. ऑर्गोच्या पेपरात शंभरपैकी वर्गाची सरासरी पन्नास-पंचावन्न येणं नेहमीचं आहे. ग्रेड त्या सरासरीच्या आसपास बेतल्या जातात. साठ मार्कांना बी प्लस मिळू शकते. आपल्याकडे पस्तिसाला पास आणि नव्वदाला हुशार अशी मापं डोक्यात पक्की बसलेली असल्यानं साठ ऐकलं की आईच्या पोटात गोळा येतो आणि बाप 'मग राहू दे' म्हणून मोकळा होतो. निव्वळ आकडा ऐकून विषय सोडलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना चांगली ग्रेड मिळाली असती. उलट भाचीला पहिल्या पेपरात एक्केचाळीस आणि दुसऱ्यात अडतीस होते, सरासरी त्रेपन्न. तिचा आकडा खरोखरच बुडणाऱ्याचा होता.

आता अर्जाकडे. अमेरिकेत मेडिकल कॉलेज बारावीनंतर लगेच नाही. आधी चार वर्षांची पदवी, कुठल्याही विषयातली, आणि तिच्यातच जीवशास्त्र, रसायनशास्त्र, ऑर्गॅनिक, भौतिकशास्त्र असे ठरावीक वर्ग प्रयोगशाळेसकट पुरे करायचे. याला 'प्रीमेड' म्हणतात. मग एमकॅट नावाची परीक्षा, मग अर्ज, मग एम.डी.ची चार वर्षं. अर्ज एकेका कॉलेजकडे वेगळा जात नाही. बहुतेक एम.डी. कॉलेजांसाठी तो 'ॲमकास' नावाच्या मध्यवर्ती सेवेतून जातो. ती चालवते अमेरिकन मेडिकल कॉलेजांची संघटना, एएएमसी. ऑस्टिओपॅथिक कॉलेजांसाठी, जिथे डी.ओ. पदवी मिळते, 'आकोमास' आहे. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांचा स्वतःचा तिसरा सुभा आहे.

या सेवांचा एक नियम कडक आहे. तुम्ही पाय ठेवलेल्या प्रत्येक कॉलेजचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मागवायचं आणि त्यावरचा प्रत्येक विषय हातानं अर्जात भरायचा. पास झालेले, नापास झालेले, दोनदा केलेले, सोडलेले, सगळे. मग तिथली माणसं तुमची यादी आणि ट्रान्सक्रिप्ट ओळीला ओळ लावून पडताळतात. जून-जुलैच्या गर्दीत या पडताळणीला महिना-दीड महिना सहज लागतो. यादीत डब्ल्यू गाळला आणि ट्रान्सक्रिप्टवर तो सापडला, तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येऊ शकतो. इथे अर्ज येतील तसे वाचले जातात आणि मुलाखतीच्या जागा भरत जातात. तेव्हा डब्ल्यूनं झालं नसतं तेवढं नुकसान तो लपवण्यानं होतं.

यात एक खाचखळगा आपल्या लोकांच्या वाट्याला हमखास येतो. इथले हौशी आईबाप मुलांना हायस्कूलमध्ये असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजात एखादा विषय घ्यायला लावतात. कॉलेजची क्रेडिट आधीच पदरात पडली की बरं, हा हिशेब. सोळा वर्षांचा पोरगा कॅल्क्युलसला नाव घालतो, महिनाभर जातो, बास्केटबॉलचा सीझन सुरू झाल्यावर सोडून देतो. सगळे विसरून जातात. सहा वर्षांनी ॲमकास त्या कम्युनिटी कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट मागतं आणि त्यावर तो एकुलता एक डब्ल्यू निघतो. हायस्कूलमध्ये असताना घेतला असला, तरी विषय कॉलेजचा होता. त्याची ओळ भरावीच लागते.

मग डब्ल्यू मोजतात कसा? मोजतच नाहीत. ॲमकास सगळ्या कॉलेजांच्या ग्रेड एकाच मापात आणून स्वतःचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढतं. ए म्हणजे ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, असं. डब्ल्यूला गुण नाहीत आणि त्याची क्रेडिट भागाकारातही धरत नाहीत. तुमच्या कॉलेजनं मात्र 'विथड्रॉ फेलिंग' असा शेरा मारला असेल आणि कॉलेज स्वतः तो नापासासारखा मोजत असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून तो एक शेरा नीट वाचून घ्यावा.

आकड्यांनीच बोलू, कारण या बाबतीत आकडे उपदेशापेक्षा जास्त सांगतात. समजा एका मुलीची ६० क्रेडिट झाली आहेत आणि जीपीए ३.७० आहे, म्हणजे २२२ गुण. पुढचा विषय चार क्रेडिटचा ऑर्गो. ती वर्गात टिकून राहिली आणि सी मिळाली, तर ६४ क्रेडिटना २३० गुण, जीपीए ३.५९. तिनं विथड्रॉ केलं, पुढच्या सेमिस्टरला तोच विषय नीट केला आणि ए मिळवली, तर ६४ क्रेडिटना २३८ गुण, म्हणजे ३.७२. आता तिसरी वाट बघा. सी घेतली आणि मग विषय पुन्हा करून ए मिळवली. तिच्या कॉलेजात कदाचित नवी ग्रेड जुनीवर चढेल आणि सी दिसेनाशी होईल. ॲमकास तसं करत नाही, ते दोन्ही मोजतं. ६८ क्रेडिटना २४६ गुण, ३.६२. तोच विषय, शेवटी तीच ए, पण ३.७२ आणि ३.६२ यांच्यात दशांशाचा एक आकडा गेला तो गेला.

विज्ञानाचा जीपीए वेगळा काढतात. जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित एवढ्याच विषयांचा. तिथे क्रेडिट कमी असल्यानं दणका मोठा. विज्ञानाची २४ क्रेडिट ३.६ नं झाली असतील आणि त्यात चार क्रेडिटची एक सी पडली, तर आकडा ३.३७ वर येतो. एका विषयानं.

ऑस्टिओपॅथिक कॉलेजांत पूर्वी सवलत होती. विषय पुन्हा केला, की आकोमास नवी ग्रेड धरायचं आणि जुनी सोडून द्यायचं. सी-डीच्या ओझ्याखाली दबलेल्या कितीतरी मुलांनी या नियमाच्या आधारानं वर डोकं काढलं. मे २०१७ पासून तो नियम गेला, आता तिथेही सगळे प्रयत्न मोजले जातात. वयानं मोठी भावंडं, चुलतभाऊ यांच्या सल्ल्यात हा जुना नियम अजून जिवंत आहे, तेव्हा जपून.

मागच्या काही वर्षांत दरसाल पन्नास हजारांच्या वर मुलं एम.डी.ला अर्ज करतात आणि साधारण तेवीस हजारांना जागा मिळते. मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७७ च्या आसपास, एमकॅट ५२८ पैकी ५११-५१२. एकेका कॉलेजकडे हजारो अर्ज येतात. त्यामुळे पहिली चाळण पुष्कळ ठिकाणी आकड्यांची असते. आणि आकड्यांच्या चाळणीत सी अडकते, डब्ल्यू खाली निघून जातो. तो दिसतो त्यानंतर, एखादा माणूस फाइल उघडून बसतो तेव्हा.

हा माणूस काय बघतो? एखादा डब्ल्यू दिसला तर बहुधा काहीच नाही. पुढच्या ओळीवर जातो. दोन असले, वेगवेगळ्या वर्षांतले, तरी फारसं नाही. त्याची नजर अडखळते ती ठशावर. दर सेमिस्टरला एक डब्ल्यू, म्हणजे हा मुलगा पाच विषय घेतो आणि जो जड जाईल तो सोडतो, अशी सवय दिसते. तोच विषय दोनदा सोडलेला, म्हणजे तिथे खरी अडचण आहे. सोडलेले सगळे विषय विज्ञानाचे आणि ठेवलेले सगळे हलके. किंवा कॉलेजात ऑर्गो सोडलं आणि उन्हाळ्यात दुसरीकडे, सोप्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी जाऊन ए घेऊन आला. यातलं एकेक क्षम्य आहे, कम्युनिटी कॉलेजात तर पैशापायी कितीतरी हुशार मुलं शिकतात. पण सगळं एकाच ट्रान्सक्रिप्टवर जमलं, की वाचणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न येतो. मेडिकलच्या पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन एकदम अंगावर येतं आणि तिथे 'हा एक राहू दे' म्हणता येत नाही, तेव्हा याचं काय होईल?

त्याच ठशाची चांगली बाजूही आहे. डब्ल्यू, मग तोच विषय त्याच कॉलेजात पुन्हा, ए; पुढचा ऑर्गो २, ए मायनस; बायोकेमिस्ट्री, ए. ॲमकास प्रत्येक वर्षाचा जीपीए वेगळ्या ओळीत देतं, त्यामुळे चढती कमान डोळ्यांना दिसते. अशा फाइलमधला डब्ल्यू, माझ्या मते, बी मायनसपेक्षा बरा वाचला जातो. कारण त्यात मुलीनं वेळेवर हिशेब केला, हे दिसतं.

आता थोडं विषयांतर, पण ऑर्गोबद्दल बोलायचं तर चुकवता येणार नाही असं. डॉक्टरला ऑर्गॅनिक कशाला लागतं? माझ्या ओळखीच्या कुठल्याही डॉक्टरनं शिक्षण संपल्यावर एक रेणू संश्लेषित केलेला नाही. ही परंपरा लुईव्हिलच्या एका शाळामास्तरापर्यंत जाते. अब्राहम फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हता. कार्नेगी फाउंडेशनसाठी त्यानं अमेरिका आणि कॅनडातली १५५ मेडिकल कॉलेजं पालथी घातली आणि १९१० साली असा अहवाल दिला, की त्यातली कितीतरी दुकानं पुढे बंद झाली. मेडिकलला येण्याआधी निदान दोन वर्षं कॉलेज आणि त्यात रसायन, भौतिक, जीवशास्त्र हवंच, हा त्याचा आग्रह. शंभर वर्षांनंतर या पायाचं काम शिकवण्याइतकंच गाळणीचंही झालं आहे. अशा वर्गांना इथे 'वीड-आउट' म्हणतात, म्हणजे तण उपटायचे वर्ग. आता काही कॉलेजं विषयांची सक्ती सैल करतात, ऑर्गोच्या दुसऱ्या भागाऐवजी बायोकेमिस्ट्री चालवून घेतात. तण मात्र अजून उपटलं जातंच.

२०२२ साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत हे प्रकरण चव्हाट्यावर आलं. मेटलंड जोन्स हे ऑर्गॅनिकचे नावाजलेले शिक्षक. आयुष्यभर प्रिन्स्टनला शिकवलं, विषयावरचं जाडजूड पाठ्यपुस्तक त्यांच्या नावावर, निवृत्तीनंतर इथे करारावर शिकवत होते, वय ८४. त्यांच्या वर्गातल्या साडेतीनशे मुलांपैकी ८२ जणांनी अर्ज केला की वर्ग फार अवघड आहे, आमचे मार्क आमच्या कष्टाशी जुळत नाहीत. विद्यापीठानं नव्या सत्राआधी त्यांचा करार संपवला. वर्तमानपत्रांत गाजलं ते एवढं. पोरं लाडावलीत की म्हातारा कठोर, यावर महिनाभर वाद झाला. माझं लक्ष बातमीतल्या एका लहान तपशिलानं वेधलं. विद्यापीठानं त्या मुलांना मुदत उलटून गेल्यावर, मागच्या तारखेनं विथड्रॉ करायची मुभा देऊ केली होती. म्हणजे भरपाई म्हणून काय दिलं, तर डब्ल्यू. सगळे ज्याला डाग म्हणून घाबरतात, तोच तिथे दिलासा ठरला.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग डब्ल्यू फुकटच की! तसं नाही. त्याची किंमत असते, पण ती मेडिकल कॉलेजच्या समितीपुढे द्यावी लागते त्याहून जास्त आधीच कुठेतरी चुकती होते.

पहिली किंमत वेळेची, आणि इथे माझी आई थोडी बरोबर होती. विषयांची साखळी असते. आधी सर्वसाधारण रसायनशास्त्र, मग ऑर्गो १, मग ऑर्गो २, मग बायोकेमिस्ट्री. २०१५ पासूनच्या नव्या एमकॅटमध्ये बायोकेमिस्ट्री भरपूर असते, म्हणून तो विषय झाल्याशिवाय परीक्षेला बसण्यात अर्थ नाही. लहान कॉलेजांत ऑर्गो १ फक्त ऑगस्टच्या सत्रात असतो. ऑक्टोबरात सोडला, की पुढच्या ऑगस्टपर्यंत थांबा. मग बायोकेमिस्ट्री सरकली, एमकॅट सरकली, अर्ज एका उन्हाळ्यानं पुढे गेला. मोठ्या विद्यापीठांत तोच वर्ग जानेवारीतही असतो, तिथे निभावतं. आणि पदवीनंतर एखादं वर्ष थांबून, कुठे प्रयोगशाळेत किंवा दवाखान्यात काम करून मग मेडिकलला जाणं आता इथे इतकं रुळलंय, की प्रवेश मिळालेल्यांत अर्ध्याहून अधिक मुलं तशीच आलेली असतात. त्याला 'गॅप इयर' म्हणतात. लातुरात त्याला काय म्हणतील, हे वर आलंच आहे.

दुसरी पैशाची. सेमिस्टरला बारा क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थी. त्याच्या खाली गेलं, की शिष्यवृत्ती, हॉस्टेल यांच्या अटी जाग्या होतात. सरकारी शैक्षणिक मदत घेणाऱ्यांना आणखी एक हिशेब असतो. नाव घातलेल्या क्रेडिटपैकी साधारण ६७ टक्के पुरी व्हायला हवीत. जीपीएत न मोजला जाणारा डब्ल्यू या हिशेबात मात्र मोजला जातो, घेतलेला आणि न पुरा केलेला म्हणून. एका डब्ल्यूनं कुणाची मदत बंद होत नाही, चार-पाच झाले की होऊ शकते.

तिसरी व्हिसाची, आणि ही आपल्या घरांत फार उशिरा लक्षात येते. आईबापांच्या एच-१बी वर अवलंबून, एच-४ वर वाढलेली मुलं एकवीसची झाली की त्यांना स्वतःचा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. विद्यार्थी व्हिसावर बाराच्या खाली जाणं हा नुसता ट्रान्सक्रिप्टचा प्रश्न राहत नाही. आधी आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या अधिकाऱ्याची परवानगी, मग विथड्रॉ, हा क्रम उलटा झाला तर इथे राहण्याचा हक्कच धोक्यात येतो. तेरा क्रेडिट असलेल्या मुलीनं चार क्रेडिटचा ऑर्गो रात्रीच्या रात्री सोडला, की सकाळी ती नऊ क्रेडिटवर. शिवाय ग्रीन कार्ड नसलेल्यांना घेणारी मेडिकल कॉलेजं मुळात थोडी. त्यांच्यासाठी हे सगळंच गणित वेगळं आहे.

आजारपणानं अख्खं सेमिस्टर सोडावं लागलं, तर ट्रान्सक्रिप्टवर एकाखाली एक चार-पाच डब्ल्यू पडतात. दिसायला भयंकर, पण वाचणाऱ्याला ती एकच घटना असते, विशेषतः पुढच्या सत्रापासून ग्रेड पूर्ववत असतील तर. कॉलेजांत यासाठी वैद्यकीय रजेची वेगळी वाट असते आणि काही वेळा मुदतीनंतरही ती उघडते. आपली मुलं ती मागायला लाजतात, विशेषतः आजार मनाचा असेल तर. ताप असता तर मागितली असती.

आणि खुलासा कुठे करायचा? मुख्य निबंधात नको. ॲमकासच्या त्या निबंधाला ५,३०० अक्षरांची मर्यादा असते. डॉक्टर का व्हायचं, हे त्यात सांगायचं असतं. तिथे अर्धा परिच्छेद एका डब्ल्यूवर खर्च केला, की ज्याच्याकडे कुणी बघितलं नसतं त्याच्याकडे बोट दाखवल्यासारखं होतं. एकेका कॉलेजचा दुसरा अर्ज नंतर येतो, त्यात काही कॉलेजं शैक्षणिक चढउतारांबद्दल सरळ विचारतात. विचारलं, तर दोन-तीन वाक्यं. काय झालं, पुढे काय बदललं. प्राध्यापकाला दोष देऊ नये, खराच दोष असला तरी. अर्जात आणखी एक प्रश्न असतो, तुमच्यावर कॉलेजनं कधी कारवाई केली आहे का. मुलं घाबरून तिथे डब्ल्यू लिहितात. डब्ल्यू ही कारवाई नव्हे. खराब ग्रेडमुळे कॉलेजनं 'प्रोबेशन'वर ठेवलं असेल, तर मात्र ते तिथे लिहावंच लागतं.

आईला मी हे सगळं फोनवर सांगायचा प्रयत्न केला. ती शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे एका विषयात केटी लागली असं म्हण ना." मी म्हटलं, नाही गं, केटी लागते नापास झाल्यावर. ही शेवटच्या पेपराला बसलीच नाही. "आणि कॉलेजनं बसू नको म्हणून चालवून घेतलं?" हो, चालवून घेतलं. "लिहून ठेवलं असेल पण." हो. लिहून ठेवलंय. एकदम बरोबर पकडलं तिनं.

भाचीच्या कॉलेजात ऑर्गो १ जानेवारीतही होता, म्हणून तिची साखळी एका सत्रानंच सरकली. यावेळी तिनं बाकीचे विषय हलके घेतले, मंगळवार-गुरुवारच्या शिकवणीच्या तासाला न चुकता गेली आणि रेणूंची प्लास्टिकची खेळणी घेऊन जेवणाच्या टेबलावर बसायची, वरणात एक काळा कार्बन पडेपर्यंत. मार्चअखेर दुसऱ्या मिडटर्मचे मार्क आले. सरासरी पंचावन्न, तिला एकसष्ट. भावानं मला मेसेज केला, 'फक्त ६१??' दोन प्रश्नचिन्हांसकट. मी त्याला कर्व्ह पुन्हा समजावला. विथड्रॉची मुदत त्या शुक्रवारी रात्री बारा वाजता संपत होती. साडेअकराला मी भाचीला फोन केला, तर ती झोपली होती.